माधव नगरातला कौल

अर्ज भरून झाला होता. यज्ञेश्वर टोकेकरांनी चारही पानं दोनदा वाचली, जन्मतारीख तिसऱ्यांदा तपासली आणि 'निवृत्तीचे कारण' या रकान्यात सुवाच्य अक्षरात 'थकवा' असं लिहिलं. आता शेवटच्या पानावर फक्त बायकोची सही राहिली होती, आणि बायको कॉम्प्युटरसमोर बसून बोलिव्हियाचं आरमार वाचत होती.

"अहो, ऐकलंत का? या बोलिव्हियाला समुद्रच नाहीये. आणि आरमार आहे! अॅडमिरल-बिडमिरल सगळं!"

"आमच्या बँकेत पण असे दोन विभाग आहेत," यज्ञेश्वर म्हणाले. "इथे सही कर."

"थांबा हो, संपतच आलंय."

यज्ञेश्वर थांबले. थांबायची त्यांना सवय होती. एकोणतीस वर्षं बँकेत काढली होती, आणि त्यातली शेवटची अकरा पेन्शन काउंटरवर. पेन्शन महिन्यातून एकदाच होते, पण पेन्शनर रोज येतात, हे बँकेच्या कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही. तिथे पंखा होता, गार पाणी होतं आणि उठून जाऊ न शकणारा एक माणूस होता. मंडळी साडेदहाला यायची, गुडघे, सुना, नातवंडं आणि बद्धकोष्ठ या क्रमाने बोलायची आणि दीडला जेवायला घरी जायची. नोव्हेंबरात तर आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायला झाडून सगळे येत. त्या महिन्यात संध्याकाळपर्यंत काउंटरच्या अलीकडच्या माणसाच्या जिवंतपणाबद्दलच शंका यायची.

अशात बँकेने स्वेच्छानिवृत्ती जाहीर केली. फ्रीगंजच्या बाजारात काचेच्या दारांच्या नव्या बँका उघडल्या होत्या, आत शिरलं की एसी आणि "गुड मॉर्निंग सर." त्यांच्याशी टक्कर द्यायची तर जुनी माणसं कमी करायला हवीत, असं वरच्यांना वाटलं. बाकीचे जुने लोक चिडले, युनियनने गेटवर घोषणा दिल्या. यज्ञेश्वरांना मात्र देव पावला असं वाटलं. अर्जाची मुदत होती वीस नोव्हेंबर, आणि मन बदललंच तर अठ्ठावीसपर्यंत अर्ज मागे घ्यायची सोय. 'मागे कोण घेतोय!' असं म्हणत त्यांनी ती ओळ नीट वाचलीसुद्धा नव्हती.

"झालं बघा," सुलूबाई खुर्ची वळवून म्हणाल्या. त्यांनी अर्ज हातात घेतला, 'थकवा' वाचलं आणि चष्मा काढला. "एवढा मोठा निर्णय असा उभ्या उभ्या घ्यायचा? आल्हादचं लग्न व्हायचंय अजून. मी काय म्हणते, कौल लावू या."

यज्ञेश्वरांनी पेनचं टोपण लावलं.

ही कौलाची भानगड दिवाळीपासूनची. आल्हाद बंगलोरहून आला तो कॉम्प्युटर घेऊनच. आईला ईमेल शिकवली आणि जाता जाता इंटरनेटवरचा एक भला मोठा ज्ञानकोश दाखवला. "आई, इथे डाव्या बाजूला ही ओळ आहे ना, तिच्यावर दाबलं की कुठलाही एक लेख येतो. कुठला येईल ते कुणालाच माहीत नसतं. टाइमपास आहे." सुलूबाई पंचाहत्तर सालच्या इंग्रजीच्या बी.ए. लग्नानंतर इंग्रजीत वाचायला मिळालं ते औषधांच्या बाटल्यांवरचं. बाई हरखूनच गेल्या. सकाळचं आटोपलं की बसायच्या त्या दाबत. आज आइसलँडची नदी, उद्या बेल्जियमचा सायकलवाला, परवा कुठलासा शेणातला किडा. रात्री जेवताना ताटात भाजी एक आणि माहिती चार प्रकारची.

इथवर ठीक होतं. पण सुलूबाईंच्या माहेरी एक रीत होती. काही ठरवायचं झालं की त्यांचे आजोबा आंघोळ करून, डोळे मिटून पोथी कुठूनही उघडायचे आणि बोट ठेवायचे. बोटाखाली जी ओवी येईल तो कौल. नातवाच्या मुंजीपासून म्हैस विकण्यापर्यंत त्या घरात सगळं असंच ठरलं. एक दिवस शेजारच्या कुसुमवहिनी मुलाच्या, मंदारच्या, अमेरिकेच्या व्हिसाची काळजी करत आल्या, तेव्हा सुलूबाई सहज म्हणाल्या, "थांबा, बघू काय येतंय." डोळे मिटून दाबलं. कॅनडाच्या किनाऱ्यावरचं एक दीपगृह आलं. चार दिवसांनी मंदारला अमेरिकेने नाही म्हटलं आणि कंपनीने त्याला कॅनडाला पाठवलं.

झालं! संध्याकाळपर्यंत पूर्ण माधव नगरात बोभाटा. ज्या गावात गल्लीगल्लीत ज्योतिषी, त्या गावाला नवा कौल मिळाला, आणि तोही बिजलीवर चालणारा.

"मी सांगतो ना, मी दमलोय," यज्ञेश्वर म्हणाले. "यात कॉम्प्युटरला काय विचारायचं?"

"विचारायला काय जातं?" असं म्हणून सुलूबाईंनी दाबलं आणि पान उघडेपर्यंत हात जोडून, डोळे मिटून महाकालाचं अकरा वेळा नाव घेतलं. पेंग्विन आला.

"बर्फातला पक्षी," सुलूबाई वाचू लागल्या. "मादी अंडं घालते. मग नर ते अंडं पायांवर घेतो आणि उभा राहतो."

"किती वेळ?"

"दोन महिने."

"बसत नाही?"

"नाही. खात पण नाही काही. वारा, बर्फ, अंधार, तरी उभाच."

"आणि मादी कुठे असते?"

सुलूबाईंनी पुढची ओळ वाचली आणि थोड्या घुटमळल्या. "ती समुद्रावर जाते. खायला." मग लगेच अर्जाची घडी घालून त्यांनी तो कपाटात टाकला. "स्पष्ट आहे. अंडं आपलं अजून बंगलोरला बिनलग्नाचं आहे. उभं राहायचं."

यज्ञेश्वर दुसऱ्या दिवशी बँकेत गेले आणि दिवसभर मनातल्या मनात त्या पेंग्विनला शिव्या घालत बसले.

तिथे त्यांच्या हातून एक चूक झाली. आजूबाजूचे पेन्शनर काही केल्या गुडघ्यांवरून हलेनात, म्हणून त्यांनी विषय बदलायला बायकोच्या कौलाची गंमत सांगितली. रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले बापू पुढच्या बाकावर बसले होते. वय ब्याऐंशी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशन करावं की नाही यावर दोन वर्षं घरात वाद. संध्याकाळी यज्ञेश्वर घरी आले तर बापू त्यांच्याच खुर्चीत बसून त्यांच्याच कपातला चहा पीत होते.

"या या यज्ञेश्वरराव, बसा!" बापू म्हणाले. "अहो, काय कौल मिळालाय! नॉर्वेतला बोगदा! चोवीस किलोमीटर! मी जन्मभर बोगद्यांतून गाड्या नेल्या, पण असा बोगदा ऐकला नाही."

"बोगद्याच्या पलीकडे उजेड असतोच की," सुलूबाई शांतपणे म्हणाल्या.

बापूंनी त्याच आठवड्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. डोळा लख्ख झाला. बापू काउंटरवर आले ते भिंतीवरची सूचना लांबूनच वाचत, आणि मग पेन्शनरांना कोण आवरणार! दोन मुनिसिपालिटीचे, तीन शाळामास्तर, एक जंगल खात्याचा, सगळे एकामागून एक टोकेकरांच्या घरी. यज्ञेश्वर घरी पोचले की दाराशी चपलांचा ढीग, आणि आत जिल्हाभरातला संधिवात. कुणाला घर विकायचं होतं, कुणाला सुनेपासून वेगळं व्हायचं होतं. सुलूबाई दाबायच्या, वाचायच्या आणि अर्थ लावायच्या. स्विस चीजपासून जपानी पुलापर्यंत अर्थ लागला नाही असा लेख त्या ज्ञानकोशात निघाला नाही.

बँकेत पेन्शनर, घरी पेन्शनर. यज्ञेश्वर रात्री अंथरुणावर पडले की त्यांच्या डोळ्यांसमोर गुडघे येत. वीस तारीख जवळ आली. शेवटी एकोणतीस वर्षांत कधी न केलेलं काम त्यांनी करायचं ठरवलं. लबाडी.

बँकेतल्या हर्षलला, नव्या क्लार्कला, त्यांनी आडून आडून विचारलं, "समजा एक पान आधीच उघडून खाली दडवून ठेवलं, तर पाहिजे तेव्हा वर आणता येतं का?"

"सर, एकदम इझी. खालच्या पट्टीवर क्लिक मारा की वर."

रविवारी सुलूबाई आंघोळीला गेल्या असताना यज्ञेश्वरांनी तासभर आधी शोधून ठेवलेला लेख काढला आणि खाली दडवला. बाहेरच्या खोलीत तोवर सात जण येऊन बसले होते, पहिले अर्थातच बापू.

"सुलू, आज शेवटचं विचार," यज्ञेश्वर म्हणाले. "उद्या मुदत संपते. जो काय येईल तो मंजूर."

सुलूबाईंनी दाबलं आणि हात जोडून, डोळे मिटून त्या नाव घ्यायला लागल्या. सात म्हातारेही डोळे मिटून बसले. नवव्या नावाला यज्ञेश्वरांनी मागून माउसवर हात घातला, खालच्या पट्टीवर दाबलं आणि माणूस देवळातून बाहेर येतो तसे दोन पावलं मागे सरले.

"स्लॉथ," सुलूबाईंनी डोळे उघडून वाचलं. "झाडावर राहणारा एक प्राणी. दिवसातला पुष्कळ वेळ झोपतो. फांदीला लटकून असतो. हालचाल अगदी कमी. आठवड्यातून एकदाच खाली उतरतो."

"कशाला?" एका मास्तरांनी विचारलं.

"विधीला."

"वा, पोट चांगलं आहे," जंगल खात्याचे म्हणाले.

पण सुलूबाई पुढे वाचत होत्या आणि त्यांचा आवाज खाली आला. "तो इतका कमी हलतो की त्याच्या अंगावर शेवाळ उगवतं. केसांत. हिरवं." त्या थांबल्या. मग वळून त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, अगदी नीट, बऱ्याच वर्षांनी पाहावं तसं. पिकलेल्या भुवया, डोळ्यांखालच्या पिशव्या, रविवार असूनही खिशाला अडकवलेलं पेन. "एवढं दमायला झालं होतं, तर मला कधी बोलला का नाहीत हो?"

"अर्जावर लिहिलं होतं," यज्ञेश्वर कसंबसं म्हणाले.

सुलूबाईंनी पदराने डोळे पुसले, कपाटातून अर्ज काढला आणि सही केली. यज्ञेश्वरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सही मिळाली याचा आनंद करावा की फसवलं याची लाज वाटून घ्यावी, ते त्यांना कळेना. तेवढ्यात बापू काठी टेकत जवळ आले आणि कानाशी लागले.

"उजव्या डोळ्याने सगळं दिसतं हां मला आता," बापू हळूच म्हणाले. "नाव घेताना मी एकच डोळा मिटतो. उद्यापासून माझा नंबर पहिला. आणि चहात साखर दीड."

दुसऱ्या दिवशी अर्ज गेला. उरलेल्या किरकोळ रजा वाया कशाला घालवा म्हणून यज्ञेश्वरांनी त्याही टाकल्या. म्हटलं, आठ दिवस निवृत्तीची चव तर बघू.

पहिल्या दिवशी सव्वासातला बेल वाजली. बापू. साडेआठपर्यंत नऊ जण, दहाला एकोणीस. सुलूबाईंचा एक हात माउसवर आणि एक गॅसवर. "अहो, आता घरीच आहात ना? जरा नंबर लावून घ्या," त्या म्हणाल्या. यज्ञेश्वरांनी चिठ्ठ्या फाडून नंबर लावले. मग पाणी दिलं, चहा दिला, बाथरूम दाखवली, बाथरूममध्ये अडकलेल्या मास्तरांना बाहेर काढलं. मंडळी आलीच आहेत म्हणून कामंही घेऊन आली. "टोकेकर, हा दाखल्याचा फॉर्म बघा ना." "टोकेकर, माझा महागाई भत्ता नाही लागला." बँकेत निदान दोनला लंच होत असे, पाचला शटर पडत असे, रविवारी कुलूप असे. इथे रविवारी गर्दी दुप्पट, कारण जावई-मुलीही येत. दुपारी पडायला जावं तर पलंगावर जंगल खात्याचे घोरत असत.

अठ्ठावीस तारखेला काउंटरमागच्या कपाटाची किल्ली परत करायला म्हणून यज्ञेश्वर बँकेत गेले. किल्ली हे निमित्तच होतं. घरात उभं राहायला जागा नव्हती.

पेन्शन काउंटरवर एकटा हर्षल बसला होता, जांभया देत. समोरचे दोन्ही बाक रिकामे. पंखा फिरत होता, माठात गार पाणी होतं, आणि कुठे म्हणजे कुठेच कुणी बोलत नव्हतं.

"मंडळी कुठे गेली?" यज्ञेश्वरांनी विचारलं.

"सर, तुमच्याकडेच असतात ना सगळी. आठ दिवस झाले, इथे कुणी फिरकलं नाही. मी तर परेशान झालो, वेळच जात नाही." हर्षल उठला. "तुम्ही बसता का दोन मिनिटं? मी चहा घेऊन येतो."

यज्ञेश्वर आपल्या जुन्या खुर्चीत बसले. पाठ टेकली. डोळे उघडले तेव्हा घड्याळात पाऊण तास पुढे गेला होता, आणि त्यांच्या अंगावरून गेल्या अकरा वर्षांतला सगळा नोव्हेंबर उतरल्यासारखं वाटत होतं. ते उठले आणि तडक मॅनेजर व्याससाहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"साहब, मेरा आवेदन वापस लेना है. आज आखिरी दिन है."

व्याससाहेबांनी फाइल उघडली. "टोकेकरजी, आपने तो कारण लिखा था, थकान!"

"जी हां," यज्ञेश्वर म्हणाले. "उसी कारण से वापस ले रहा हूं."

साहेबांना काही उमगलं नाही, पण त्यांनी सही केली. यज्ञेश्वर शीळ घालत घरी निघाले. आता सकाळी डबा घ्यायचा, बँक गाठायची, आणि पाचपर्यंत त्या निर्जन काउंटरवर सुखाने बसायचं. आणखी पाच वर्षं! आल्हादचं लग्नही होऊन जाईल.

घरी बाहेरच्या खोलीत चौदा-पंधरा माणसं होती. सुलूबाई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या होत्या. हातात चहाची गाळणी, पातेल्यातला चहा उतू जाऊन शेगडीवर पसरलेला, आणि त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. यज्ञेश्वरांनी गॅस बंद केला.

"अर्ज मागे घेतला मी," ते म्हणाले. "उद्यापासून बँकेत जातोय."

"बरं केलंत," सुलूबाई म्हणाल्या. ओरडल्या नाहीत, कौलाचं नाव काढलं नाही. नुसत्या गाळणीकडे बघत राहिल्या. "अहो, मला मजा वाटत होती हो ते वाचताना. कुठल्या कुठल्या गोष्टी. किती वर्षांनी काहीतरी माझं माझं वाचत होते. आता पान उघडलं की आधी त्याचा अर्थ सांगा, मग चहा द्या, मग पुढचा." त्यांनी वर पाहिलं. "तुमचा तो फॉर्म असतो ना, तसला मला कुठे भरायचा असतो हो?"

तीस वर्षांच्या संसारात या बाईने एक रजा टाकली नव्हती, आणि आपण तिच्यासमोर चार पानं धरून सही कर सही कर म्हणत नाचत होतो. त्यांनी तिच्या हातातली गाळणी काढून घेतली आणि तिला पाटावर बसवलं. मग ते बाहेरच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले, शर्ट नीट केला आणि अकरा वर्षं काउंटरवर कॉम्प्युटर बंद पडला की लावायचा तो आवाज लावला.

"लिंक फेल आहे."

कुणीही, कधी येईल, का गेली, आमचा नंबर होता, असं एक अक्षर न बोलता पंधराच्या पंधरा माणसं उठली. त्यांनी काठ्या घेतल्या, चपला शोधल्या आणि मुकाट्याने बाहेर पडली. एवढा कौल सगळ्यांना कळत होता.

"उद्या येईल का?" दारातून एकट्या बापूंनी विचारलं.

"सांगता येत नाही. वरूनच प्रॉब्लेम आहे," यज्ञेश्वर म्हणाले आणि कडी लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते डबा घेऊन निघाले तेव्हा सुलूबाई कॉम्प्युटरसमोर मांडी घालून बसल्या होत्या. कुठल्याशा बेटावरच्या बकऱ्यांबद्दल वाचत होत्या आणि एकट्याच हसत होत्या. यज्ञेश्वरांना ते बघून इतकं बरं वाटलं की पायऱ्या उतरताना गुडघा दुखला तेही कळलं नाही.

बँकेचं शटर अर्धं वर गेलं होतं. शटरखालून आधी त्यांना काठ्या दिसल्या, मग चपला. दोन्ही बाक गच्च भरले होते, आणि जागा नाही म्हणून तिघे माठापाशी उभे होते. पहिल्या नंबरावर बापू.

"या या यज्ञेश्वरराव," बापू म्हणाले. "तुमच्या घरची लिंक गेली म्हटल्यावर दुसरीकडे कुठे जाणार? इथली चालू आहे ना?"

यज्ञेश्वरांनी काउंटरमागे जाऊन डबा ड्रॉवरमध्ये ठेवला, पेनचं टोपण काढलं आणि खुर्चीत बसले.

"चालू आहे," ते म्हणाले. "बोला बापू, कुठला गुडघा?"